मुलांच्या उस्तादांना कापड देताना

कापडाच्या धंद्यात वर्षाचे काही दिवस ठरलेले असतात. ईद, लग्नसराई, दिवाळी, जूनमधले गणवेश. पण आम्हा किरकोळ दुकानदारांना आणखी एक लहानसा हंगाम माहीत असतो. ५ सप्टेंबरच्या आधीचे चार दिवस, मे महिन्यात निकाल लागल्यावर, आणि मकतबात एखाद्या मुलाचे कुरआन पूर्ण झाले की त्या आठवड्यात पालक दुकानात येतात आणि म्हणतात, "सरांना द्यायचे आहे, काहीतरी चांगले दाखवा." किंवा, "मौलवीसाहेबांसाठी एक जोडा काढा." काय चांगले, हे ते सांगत नाहीत. शर्ट-पँट पीसचा डबा समोर ठेवला की भाव विचारतात, पिशवीत घालतात आणि निघतात. घरच्या लग्नातल्या ओढणीला रंग जुळवण्यासाठी जो माणूस आमच्याकडून तीस ताके उलगडून घेतो, तोच आपल्या मुलाच्या उस्तादांचे कापड दोन मिनिटांत उरकतो.

आणि आम्ही व्यापारी तर त्याहून पुढे. आपल्याच दुकानात दोन वर्षे पडून राहिलेला, घडीवर पिवळी रेघ धरलेला पीस शोधून काढायचा, नवा डबा घालायचा आणि मुलाच्या हाती शाळेत पाठवायचा, हा प्रकार आमच्या बाजारात सर्रास चालतो. त्यात शरम वाटावी असेही कोणाला वाटत नाही. गिऱ्हाइकाला जो माल आपण डोळे वर करून दाखवू शकत नाही, तो उस्तादांना द्यायचा, हा कुठला हिशोब? उस्ताद काही बोलणार नाहीत, एवढाच त्यातला भरवसा.

म्हणून या पानावर, जिथे आपण सुताचे भाव आणि कराच्या तारखा वाचतो, तिथे आज थोडे या विषयावर.

सर्वांत आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकू. हदिया वेगळा आणि मेहनताना वेगळा. मकतबच्या उस्तादांची महिन्याची फी तीन-तीन महिने थकलेली, आणि ईदला मात्र त्यांच्या खांद्यावर शाल, असे आम्ही पाहिले आहे. शिकवणीच्या बाईंचे पैसे "पुढच्या आठवड्यात" म्हणून लांबवायचे आणि ५ सप्टेंबरला गुलदस्ता पाठवायचा, हेही पाहिले आहे. विनाअनुदानित शाळांमध्ये अनेक शिक्षक वर्षानुवर्षे तुटपुंज्या पगारावर काम करतात, हे तर उघडे सत्य आहे. अशा माणसाला शालीपेक्षा पहिल्या तारखेला हाती पडलेली पूर्ण रक्कम जास्त उबदार वाटते. ज्यांच्याकडे फी थकली असेल त्यांनी आधी ती चुकती करावी, मग पुढचा लेख वाचावा.

दुसरी गोष्ट वेळेची. हदीसच्या ग्रंथांत, सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम दोन्हींत, एक प्रसंग आला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका इसमाला जकात गोळा करण्यास पाठवले. तो परत आला आणि त्याने मालाचे दोन भाग केले. एक बैतुलमालचा आणि दुसरा लोकांनी आपल्याला भेट दिलेला, असे तो म्हणाला. त्यावर प्रेषित (स.) मिंबरवर उभे राहिले आणि त्यांनी विचारले की हा माणूस आपल्या आईबापाच्या घरी बसून राहिला असता तर या भेटी त्याच्याकडे चालत आल्या असत्या काय? आपल्या मुलाच्या शिक्षकाला काही देण्यापूर्वी हाच सवाल आपण स्वतःला विचारावा. मुलगा त्यांच्या वर्गात नसता, तोंडी परीक्षेचे मार्क त्यांच्या हाती नसते, तर हा डबा आपण नेला असता का?

यातून व्यवहारात एक सोपी वाट निघते. मोठी भेट निकाल लागल्यानंतर द्यावी. मूल त्या वर्गातून पुढे गेल्यावर दिली तर सर्वांत उत्तम. तेव्हा मागण्यासारखे काही उरत नाही आणि शिक्षकालाही घेताना इकडेतिकडे पाहावे लागत नाही. ५ सप्टेंबर हा दिवस शाळेच्या वर्षाच्या मध्ये येतो. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन १९६२ साली राष्ट्रपती झाले, तेव्हापासून त्यांचा जन्मदिवस शिक्षक दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी मुलाने स्वतःच्या हाताने लिहिलेले चार ओळींचे पत्र आणि फार तर एक चांगला पेन पुरेसा आहे. पत्र आईने सांगून लिहवून घेऊ नये. मुलाला जे आठवते ते त्यालाच लिहू द्यावे, चुकांसकट. शिक्षक ती पत्रे जपून ठेवतात.

सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत तर कायद्याचाही प्रश्न आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मध्ये कर्मचाऱ्यांनी भेटवस्तू घेण्यावर बंधने आहेत, आणि जिल्हा परिषदेच्या सेवकांसाठी १९६७ चे वेगळे वर्तणूक नियम आहेत. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा. त्यात २०१८ साली दुरुस्ती झाल्यापासून लाच देणाराही सरळ गुन्हेगार ठरतो. एखादी चादर किंवा पुस्तक म्हणजे लाच नव्हे, हे खरे. पण सोन्याची अंगठी, मोबाईल, रोख पाकीट असल्या वस्तूंनी आपण एका सज्जन माणसाला अडचणीत टाकतो. वर्गातल्या सर्व पालकांनी मिळून, मुख्याध्यापकांना कळवून, एकच वस्तू द्यावी, हा मार्ग सर्वांच्या दृष्टीने साफ.

एकट्याने द्यायचेच असेल तर वर्गासमोर देऊ नये. व्यापाऱ्याच्या मुलाने चकचकीत डबा टेबलावर ठेवायचा आणि मागच्या बाकावर बसलेल्या यंत्रमाग कामगाराच्या मुलीने रिकाम्या हातांनी पाहत राहायचे, यात उस्तादांची इज्जत वाढत नाही. घरी जावे, पाच मिनिटे बसावे, द्यावे आणि उठावे.

आमच्या कापडवाल्या बांधवांना इमाम अबू हनीफा (रह.) यांची आठवण करून द्यावीशी वाटते. इमामसाहेब आपल्याच बिरादरीतले. कूफा शहरात त्यांचा खज्ज नावाच्या रेशमी मिश्र कापडाचा व्यापार होता. हिजरी १५० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते की मुलगा हम्माद सूरह फातिहा शिकला तेव्हा इमामसाहेबांनी त्याच्या उस्तादांना पाचशे दिरहम पाठवले; काही ठिकाणी हजारही लिहिले आहे. उस्तादांना ती रक्कम फार वाटली. तेव्हा इमामसाहेबांनी उलट माफी मागितली, की आपण माझ्या मुलाला जे शिकवले ते लहान समजू नका, जवळ अधिक असते तर अधिक दिले असते. आम्हाला यात रकमेहून दुसरी बाब महत्त्वाची वाटते. एवढ्या मोठ्या कापड व्यापाऱ्याने दुकानातला एखादा थान उचलून पाठवला नाही. उस्तादांना ज्याचे जे हवे ते घेता येईल असे रोख पाठवले. मकतबच्या उस्तादांच्या बाबतीत, जिथे मार्कांचा आणि सरकारी नियमांचा प्रश्न येत नाही, तिथे बंद पाकीट आजही सर्वांत उपयोगी ठरते.

तरीही आपल्याकडे जोड्याची रीत आहे आणि ती चांगली रीत आहे. मग तो जोडा नीट निवडावा. येथे आम्ही धंद्यातले चार शब्द बोलू.

शिक्षक दिवसभर उभा असतो आणि खडूच्या भुकटीत असतो. गर्द काळ्या किंवा नेव्ही ब्लू पँटवर खडू तासाभरात दिसू लागतो. राखाडी, बदामी, फिकट करडा रंग तो झाकून घेतो. शुद्ध लिनन दिसायला उमदे, पण दुसऱ्या तासालाच चुरगळते आणि रोजच्या इस्त्रीचा खर्च मागते. रोज शाळेत घालायला सूत आणि पॉलिस्टरचे मिश्रण, ज्याला बाजार अजून टेरीकॉट म्हणतो, तेच सोयीचे. उन्हाळ्यासाठी सुताचा भाग जास्त असलेले घ्यावे. शुद्ध सुती घ्यायचे तर ते सॅनफोराइज्ड आहे का विचारावे, नाहीतर पहिल्या धुण्यात बाह्या आखूड होतात. दुकानदार "प्युअर कॉटन" म्हणाला म्हणून मान डोलावू नये. कडेचे दोन धागे ओढून जाळून पाहावेत. सूत कागदासारखे जळते आणि मऊ राख होते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. मिश्रणात राख आणि मणी दोन्ही सापडतात.

मापाचे म्हणाल तर डब्यातल्या पीसवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. ५८ इंची पन्ह्यात पूर्ण बाह्यांच्या शर्टाला साधारण १.६० मीटर आणि पँटला १.२० मीटर धरतात, आणि डब्यात बहुधा तेवढेच असते. उस्ताद उंच किंवा अंगाने भरलेले असतील तर पँटला १.३० लागते. ३६ इंची पन्हा असेल तर शर्टालाच सव्वादोन ते अडीच मीटर हवे. आखूड पीस देणे म्हणजे न देण्यापेक्षा वाईट. शिंपी तो परत करतो आणि उस्तादांना पदरचे पैसे घालून दुसरे कापड घ्यावे लागते. गुडघ्याखाली जाणारा कुर्ता किंवा जुब्बा घालणाऱ्या मौलवीसाहेबांचे माप तर शर्टाच्या हिशोबाने धरूच नये. त्यांचा दर्जी कोण ते शोधावे आणि त्यालाच विचारावे. त्याच्या वहीत माप असते, आणि तो दोन मिनिटांत सांगतो.

पायजम्यासाठी पांढरा लठ्ठा देताना थोडे तारतम्य ठेवावे. कापड उत्तम आहे, पण कोरा लठ्ठा कफनासाठीही जातो हे सर्वांना माहीत असते. नुसता घडी घातलेला तुकडा हातात ठेवला की वयस्क माणसाचा चेहरा क्षणभर बदलतो. कुर्त्याच्या कापडासोबत द्यावा, किंवा शिवून द्यावा.

आणि शिलाई! या एका खर्चाचा कोणी विचार करत नाही. आज शहरात जोड्याची शिलाई बहुतेक वेळा कापडाच्या किमतीची बरोबरी करते, कधी तिच्या पुढे जाते. मग उस्तादांच्या कपाटात डबे साचत जातात, आणि तेच डबे पुढे कोणाच्या लग्नात, कोणाच्या मुलाच्या पास होण्यात फिरत राहतात. आमच्याच दुकानातून गेलेला डबा तीन घरे फिरून बदलून घेण्यासाठी परत आमच्याच गल्ल्यावर आला, असेही घडले आहे. त्यावरची आमची किमतीची चिठ्ठीसुद्धा तशीच होती. यावर उपाय सोपा आहे. कापड दर्जीकडे पोचते करावे, शिलाई आधी भरावी आणि उस्तादांना फक्त त्याची पावती द्यावी. आमच्या दुकानदार आणि शिंपी बांधवांनी मिळून "शिलाईसह जोडा" अशी एकच किंमत ठेवली तर दोघांचाही धंदा होईल. गिऱ्हाईक पाकिटावर वेगळा खर्च करते, रिबिनीवर करते, मग शिलाईवर का करणार नाही?

बाईंसाठी, आपांसाठी घ्यायचे तर निवड घरातल्या बायकांनी करावी आणि मुलाच्या आईनेच जाऊन द्यावे. एखाद्या शिक्षिकेला पुरुष पालकाने साडी नेऊन देणे बरे दिसत नाही, मग नियत कितीही साफ असो. साडी साडेपाच मीटर, ब्लाउज पीससह सव्वासहा मीटरच्या वर, हे मोजून घ्यावे. रोज बसने येणाऱ्या बाईंना खळ घालावी लागणारी कडक सुती साडी म्हणजे दर रविवारचे काम. हलकी, घरी धुता येणारी द्यावी. रंग सुटतो का ते ओला पांढरा रुमाल कोपऱ्यावर घासून दुकानातच पाहावे. मराठी शाळेत शिकणाऱ्या आपल्या मुलांच्या बाई बहुधा हिंदू घरातल्या असतात. त्यांच्याकडे कोणत्या प्रसंगी कोणता रंग चालतो हे शेजारच्या एखाद्या ताईंना विचारून घेतले तर कमीपणा येत नाही.

पुरुष उस्तादांना रेशीम देऊ नये, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. पण पूर्वीच्या विणकरांनी त्यातूनही वाट काढली होती. मशरू नावाच्या कापडात रेशमाचा तागा वर राहतो आणि अंगाला सूत लागते. मशरू शब्दाचा अर्थच शरीअतमध्ये जायज असलेले. आपल्या महाराष्ट्रात हिमरू आहे. सूत आणि रेशीम मिळून विणलेले, किनखाबाच्या नक्षीची आठवण देणारे, औरंगाबादचे (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) नावाजलेले कापड. मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा तिच्यासोबत हे विणकर आले, असे तेथील परंपरा सांगते. आज हातमागावर हिमरू विणणारी घरे मोजकीच उरली आहेत. सेवानिवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांना किंवा चाळीस वर्षे एका मकतबात घालवलेल्या उस्तादांना सर्व माजी विद्यार्थ्यांनी मिळून एक खरी हिमरू शाल द्यावी. त्यात उस्तादांचाही मान आहे आणि विणकराचे चार दिवसही सुटतात. घेताना उलटी बाजू पाहावी. हाताच्या हिमरूत नक्षीचे जादा धागे मागे मोकळे सुटलेले असतात आणि त्यामुळेच ती मऊ आणि उबदार लागते. यंत्रमागावरची नक्कल हिमरूच्या नावाने पर्यटकांना विकली जाते. ती घेण्यात पाप नाही, पण भाव नकलेचाच द्यावा.

दूरगावच्या उस्तादांचा विचार वेगळा. आपल्या अनेक मशिदी-मकतबांत शिकवणारे बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले असतात, एका खोलीत राहतात आणि वर्षातून एकदा घरी जातात. त्यांना पाचवा जोडा नको असतो. सोलापुरी चादर द्या, ती थंडीत कामी येते. सोलापूरच्या चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, तेव्हा नावाचा शिक्का पाहून घ्या. त्याहून चांगले म्हणजे त्यांच्या घरच्यांसाठी द्या. गावी बायको आहे, आई आहे, दोन मुली आहेत, तर त्यांचे सलवार-कमीजचे कापड द्या. तो माणूस वर्षभराने रिकाम्या हातांनी दारात उभा राहत नाही. हे विचारायला मात्र आधी त्यांच्याशी बोलावे लागते. घरी कोण कोण आहे, मुली केवढ्या आहेत, हे विचारणारे पालक फार थोडे.

आमचे कारागीर वाचक म्हणतील, आम्ही कापड कुठून आणावे? त्यांनी आणूच नये. त्यांच्या हातात जे आहे ते व्यापाऱ्याच्या दुकानात मिळत नाही. बाइंडिंग करणाऱ्याने उस्तादांची फाटलेली पुस्तके आणि मकतबचे कायदे नव्याने बांधून द्यावेत. सुताराने सागाची रेहल किंवा वह्या तपासायला तिरके मेज करावे. आमच्या ओळखीच्या एका पेंटरने मुलगी दहावी झाल्यावर तिच्या शाळेतले तीन फळे घासून काळे करून दिले आणि वर चारखानी रेघा आखल्या. त्या बाई आजही ते सांगतात. त्या वर्षी मिळालेल्या डब्यांबद्दल मात्र त्यांनी कधी काही सांगितलेले आम्ही ऐकले नाही. उर्दू शाळेच्या मास्टरसाहेबांना पुस्तक द्यायचे तर श्रीपाद जोशी यांचा उर्दू-मराठी शब्दकोश शोधून पाहावा. आम्ही स्वतः उर्दू शाळेत शिकलो आणि मराठी बाजारात आलो. तो कोश आमच्या गल्ल्याच्या शेजारी असतो, आणि हे लिहितानाही दोनदा उघडला.

आता हिशोबाचे. दुकानातून भेटीसाठी कापड काढले तर ते रोजमेळात घरखाती उचल म्हणून त्याच दिवशी लिहावे. मुलाच्या शिक्षकाची भेट हा घरचा खर्च आहे, धंद्याचा नव्हे. तो दुकान खर्चात घालू नये. जीएसटीच्या २०१७ च्या कायद्यात कलम १७(५) प्रमाणे भेट दिलेल्या किंवा स्वतःच्या वापरासाठी काढलेल्या मालावर खरेदीच्या कराची वजावट मिळत नाही. घेतली असेल तर परत करावी लागते. कंपोझिशनवाल्यांना मुळातच वजावट नसल्याने त्यांना हा प्रश्न नाही. रक्कम किरकोळ असते, पण अशा किरकोळ रकमांचीच नोटीस येते.

आणि दुकान शिरकतीत असेल तर भागीदाराला विचारल्याशिवाय थान कापू नये. तो माल एकट्याचा नाही. भाऊ भागीदार असला तरी विचारावे. भावांमध्येच हे विसरले जाते.

शेवटी एक तारखेची सूचना. मदरशांचे वर्ष शव्वालमध्ये सुरू होते आणि शाबानमध्ये संपते, म्हणून बरेच उस्ताद रमजानपूर्वीच गावी निघतात. दर्जी मात्र शाबान निम्मा होताच ईदचे काम धरतात, आणि पुढे नवे कापड घ्यायला तयार नसतात. तेव्हा ज्यांना यंदा जोडा शिवून द्यायचा आहे त्यांनी रजबमध्येच माप विचारून कापड दर्जीकडे टाकावे.